उलटोबाचा लाल शिक्का

आमच्या गल्लीत एक माणूस आहे. सरळ लिहिलेलं वाचताना तो अडखळतो आणि उलटं लिहिलेलं घडाघडा वाचतो. रबरी शिक्के कोरण्यात त्याची चाळीस वर्षं गेली. रबरावर अक्षर उलटं कोरलं तरच कागदावर सरळ उमटतं, त्यामुळे त्याचं सगळं जगच आरशातलं. म्हणून तो उलटोबा. नाव मीच ठेवलं, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू. त्यानं माझं नाव ठेवलं खटखटबाई, कारण त्याच्या टपरीला टेकून माझी टपरी आणि तिच्यात माझा टाइपरायटर. फिट्टंफाट.

मोठ्या कचेरीच्या मागच्या फाटकाबाहेर आमची ही गल्ली. आतून लोकांना सांगतात, अर्ज टाइप करून आणा, की ते माझ्याकडे येतात. मग सांगतात, यावर शिक्का नाही, की उलटोबाकडे. पुन्हा आत जातात, पुन्हा बाहेर येतात, कारण आतल्या साहेबाला दुसरंच काहीतरी हवं असतं. त्या साहेबाच्या कृपेनं आमच्या दोघांची चूल पेटते.

उलटोबाची टपरी म्हणजे एक कपाट, दार लावायचं राहून गेलेलं. भिंतीला लाकडी मुठींचे शिक्के टांगलेले. टेबलावर भिंग, काडीला पात्याचा तुकडा बांधून केलेली कोरणी, एक जांभळा पॅड, एक लाल. आणि खिळ्याला लटकवलेला तळहाताएवढा आरसा. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण याच्या गिऱ्हाइकाला लागायचा. रबरावर कोरलेलं बरोबर आहे का, ते त्यात बघून सांगायचं. मी त्याच आरशात केस सारखे करायची.

"आरसा कामाचा आहे," तो म्हणायचा.

"आणि मी काय बिनकामाची?"

हा माणूस दिवसाला मोजून पंधरा वाक्यं बोलतो, त्यातली दहा नकाराची.

त्याचे नियम दोन. खोटा शिक्का करायचा नाही, समोरच्यानं पाय धरले तरी. आणि शिक्का तिरका मारायचा नाही. हा दुसरा नियम पहिल्याहून कडक. एखाद्या गिऱ्हाइकानं घाईघाईत स्वतःच शिक्का मारला आणि तो जरासा कलला, की याच्या पोटात कळ यायची. कागद हिसकावून घ्यायचा, "नवीन टाइप करून आणा" म्हणायचा, आणि ते बिचारं पुन्हा माझ्यापुढे उभं. मला काय, माझा धंदा व्हायचा. कधी गल्लीत सामसूम असली की मी मुद्दाम त्याचा एखादा शिक्का उचलून माझ्या रद्दी कागदावर वाकडातिकडा मारायची. तो मान फिरवून बसायचा. त्याला खरंच बघवायचं नाही.

घरी तो आणि त्याची ताई. ताई दहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता, त्यामुळे ताईच आई. ती सासरी गेली आणि दोन वर्षांत परत आली. का ते कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही. यानं लग्न केलं नाही. का ते मी शंभरदा विचारलं, यानंही सांगितलं नाही. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दोन खाटा आणि एक पंखा. त्या पंख्यावरून भावाबहिणीचं चाळीस वर्षं भांडण. तिला एकवर हवा, याला चारवर. सत्तावन्न वर्षांच्या या घोड्याला ती अजून "बाबड्या" म्हणते, भर गल्लीत, गिऱ्हाइकांसमोर.

आता रक्ताचं सांगते.

बारा वर्षांपूर्वी कचेरीत रक्तदान शिबिर होतं. मी उलटोबाला म्हटलं, जा, बिस्किटं फुकट देतात. तो गेला, रक्त दिलं, बिस्किटं माझ्यासाठी आणली. तिसऱ्या दिवशी गल्लीत एक ठेंगणी बाई आली, खांद्याला पिशवी, पायात बूट. विचारत विचारत त्याच्या टपरीशी पोचली आणि स्टुलावर बसली. मला वाटलं नवीन गिऱ्हाईक. तर ती मोठ्या हॉस्पिटलातली रक्ताची डॉक्टर. पुढे गल्लीनं तिचं नाव रक्तबाई ठेवलं, तिलाही ते ठाऊक आहे.

"तुमचं रक्त वेगळं आहे," ती म्हणाली. "घाबरू नका, आजार नाही. पण समजून घ्यायला हवं, म्हणून मीच आले."

उलटोबा भिंगातून तिच्याकडे बघत राहिला. तिनं टेबलावरचा एक शिक्का उचलला.

"हे बघा. खाली लाकडाचा ठोकळा, त्यावर रबर. कुणाच्या ठोकळ्यावर 'ए'चं रबर असतं, कुणाच्या 'बी'चं, कुणाच्या दोन्ही. ज्याच्यावर रबरच नाही, नुसता ठोकळा, तो 'ओ'. ठोकळा तर सगळ्यांकडेच असतो, म्हणून 'ओ'चं रक्त कुणालाही चालतं म्हणतात."

"बरं."

"तुमच्याकडे ठोकळाच नाही."

उलटोबानं शिक्का तिच्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिला, जणू ठोकळा आताच कुठे पडला.

"साध्या तपासणीत रबर दिसत नाही, म्हणून तुम्हाला 'ओ' लिहून मोकळे होतात. पण दुसऱ्या कुणाचंही रक्त चढवलं, अगदी 'ओ'चंसुद्धा, तर तुमचं शरीर त्या ठोकळ्यावर तुटून पडेल. जीव जाऊ शकतो. तुम्हाला फक्त तुमच्यासारख्याचंच रक्त चालतं."

"असे किती आहेत?" मी मध्ये तोंड घातलं.

"दहा हजारांत एखादा."

"म्हणजे लाखात दहा," मी उलटोबाला म्हटलं. "बघ, लाखात एक होणं काही तुझ्या नशिबात नाही."

रक्तबाई हसली. उलटोबा हसला नाही. त्यानं एकच विचारलं, "ताईचं?"

ते विचारायलाच ती आली होती. असलं रक्त भावंडांत सापडतं म्हणे. ताईला तपासलं, तर तिचंही तेच. त्या दिवशी दोघं पंख्यावरून भांडली नाहीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.

डॉक्टर मी आयुष्यात पुष्कळ बघितले. बरेचसे चिठ्ठी लिहितानाच पुढच्याला हाक मारतात. ही तशी नव्हती. दात काढायचा असला तरी आधी मला सांगायचं, असं तिनं दोघांना बजावलं. दर सहा महिन्यांनी बोलावून अंगातलं लोह बघायची. तिच्याकडे अशाच रक्ताच्या माणसांची यादी होती, सगळी मिळून बावीस. वर्षातून एकदा त्यांना हॉस्पिटलातल्या एका खोलीत चहाला बोलवायची. एक बसड्रायव्हर, एक पोहायला शिकवणारी, एक चष्मेवाला, असे कुठले कुठले. कुणाचा कुणाशी संबंध नाही, पण एकमेकांकडे असे बघायचे की जणू लहानपणी हरवलेली भावंडं. त्यांचा करार साधा होता. यादीतल्या कुणाला गरज पडली की बाईचा फोन येणार, आणि ज्याला जमेल त्यानं निघायचं. उलटोबा चार वेळा गेला. त्यातली एक वेळ पोहायला शिकवणारीच्या बाळंतपणाची. कोरणी खाली ठेवायचा, टपरीला फडकं लावायचा, मला म्हणायचा, "बघ जरा." परत आला की बिस्किटं माझ्या टाइपरायटरवर.

शिक्क्याची कल्पना बाईची. खिशातलं कार्ड हरवतं, धुण्यात जातं. फाइल मात्र प्रत्येक टेबलावर जाते. म्हणून प्रत्येकाच्या फाइलवर, आतल्या प्रत्येक कागदावर, लाल शिक्का हवा: "वेगळं रक्त. चढवण्याआधी या नंबरवर फोन करा." खाली तिला हॉस्पिटलनं दिलेल्या फोनचा नंबर. उलटोबानं तो शिक्का दोन तासांत कोरला आणि आरशात मला वाचायला लावला. इतका सुबक शिक्का त्यानं साहेबालाही करून दिला नव्हता. बावीस फाइली त्यानं स्वतः बसून छापल्या, एकही ठसा केसभर तिरका नाही.

दोन वर्षांपूर्वी बाईची बदली झाली, गावाच्या दुसऱ्या टोकाला, नव्या इमारतीत. जुना फोन तिला परत करावा लागला, नवा मिळाला. नवा नंबर, म्हणून नवा शिक्का. उलटोबा पुन्हा पॅड घेऊन गेला. बाई आणि तो एक अख्खी दुपार जुन्या हॉस्पिटलच्या फाइलींच्या खोलीत बसले, जुना ठसा खोडला, नवा मारला. त्या नंबरांचा तक्ता मीच टाइप करून दिला होता, त्यामुळे नवा नंबर माझ्या फोनमध्ये आला.

आता इथे तुम्ही मला विचाराल, एवढं नीट केलं, मग पुढे अडलं ते कुठे?

त्या दिवशी खोलीत एकवीसच फाइली होत्या. बाविसावी उलटोबाची स्वतःची. तिचं पुठ्ठ्याचं कव्हर फाटलं होतं, आणि फाटकी फाइल याला बघवते थोडीच. चार दिवस आधी परवानगी काढून तो ती घरी घेऊन आला होता. कापडी पट्टी लावून, कडा ताणून, नीट शिवून, प्लास्टिकमध्ये घालून त्यानं ती गादीखाली ठेवली. सपाट राहावी म्हणून. ताईला सांगून ठेवलं, "कधी काही झालं तर ही घेऊन पळायचं." तपासणीला नव्या इमारतीत नवे कागद झाले, त्यामुळे ती पुन्हा बाहेर निघालीच नाही, आणि तिच्यावर जुना नंबर होता. एकवीस माणसांचा नंबर बदलून आला आणि स्वतःचा राहिला. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो गादीखालीसुद्धा असतो.

गेल्या वर्षी तो पांढरा पडायला लागला. मी काय केलं सांगते. मी म्हटलं, "उलटोबा, गोरा झालास की. कुणी बघायला येणार आहे का?" रोज म्हणायची. जिना चढताना थांबतो असं ताई म्हणाली, तर मी म्हटलं, नवरदेवानं दमानंच चढावं. त्याच्या पोटातून रक्त जात होतं आणि हे त्याला महिनाभर कळत होतं, पण खटखटबाईला कसं सांगायचं, आणि ताईला तर नाहीच. शेवटी सहा महिन्यांच्या तपासणीला रक्तबाईनं त्याचे डोळे खाली ओढून बघितले आणि तिथल्या तिथे बसवून घेतला. रक्त सहावर आलेलं. मोठ्या आतड्यात गाठ. काढली तर माणूस वाचेल, आणि काढायची तर हाताशी रक्त हवं. एवढंच गणित.

बाईनं कंबर कसली. लोहाची इंजेक्शनं देऊन सहाचं नऊवर आणलं. तपासणीला लहान बाळांच्या नळ्या वापरायला लावल्या, म्हणजे थेंब वाया जायला नको.

"मला बाळाची नळी," उलटोबा येऊन म्हणाला. त्या आठवड्यातलं त्याचं सगळ्यात लांब वाक्य.

"बाबड्याच आहेस," मी म्हटलं.

ताईनं हट्ट धरला, माझं रक्त घ्या. पासष्टच्या पुढे घेत नाहीत, ती सदुसष्टची. तिनं वय साठ सांगितलं. वजन पंचेचाळीस लागतं, ती एकेचाळीसची. वजनकाट्यावर चढताना कमरेला चाव्यांचा जुडगा, अडकित्ता आणि घरातली पितळी वजनं बांधून गेली. काट्यावरच जुडगा सुटून खाली पडला. रक्तबाईनं तो उचलून तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "ताई, तुमचं काढलं तर तुम्हाला कुणाचं देऊ?" ताई घरी येऊन पंखा बंद करून बसली.

बावीसजणांत दोन निघाले. बाकी कुणी परगावी, कुणी आजारी, कुणाचं वय उलटलेलं, एकीच्या पोटात बाळ. जे दोन निघाले ते बसड्रायव्हर आणि पोहायला शिकवणारी. दोन पिशव्या, ऑपरेशनच्या दोन दिवस आधी काढायच्या. सर्जन म्हणाला, दोनात भागवू, जपून करू. तारीख ठरली. नऊ. उलटोबानं टपरीतल्या तारखेच्या शिक्क्यावर नऊ लावून ठेवली आणि मला दाखवली. मला तेव्हा वाटलं, चला, निघतो यातून.

तीन तारखेला, रविवारी दुपारी साडेबाराला, तो जेवायला बसता बसता कलंडला. एकदम रक्त गेलं. ताईनं शेजाऱ्यांना हाका मारल्या, गादी उचलली, फाइल छातीशी धरली आणि रिक्षात बसली. नवी इमारत गावाच्या त्या टोकाला, म्हणून रिक्षावाल्यानं जवळच्या जुन्या हॉस्पिटलात नेलं. त्यानं बरोबरच केलं.

तिथे एक तरुण डॉक्टर होता. पोरगा चांगला होता, हे मी मुद्दाम सांगते, कारण ऐकणाऱ्याला आधी त्याचाच राग येतो. त्यानं फाइल उघडली, लाल शिक्का वाचला आणि हात आवरला. नसता वाचला तर 'ओ'ची पिशवी लावली असती आणि उलटोबा तिथेच संपला असता. त्यानं शिक्क्यावरच्या नंबरला फोन लावला. फोन वाजला. कुणी उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा वाजला. तो फोन आता सामानाच्या खोलीतल्या कारकुनाच्या टेबलावर असायचा, आणि कारकुनाला रविवारी सुट्टी. बंद असता, तर त्यानं दुसरी वाट शोधली असती. वाजत होता, म्हणून तो लावत राहिला. रक्तपेढीतल्या माणसानं 'ओ'च्या चार पिशव्या जुळवून पाहिल्या, एकही जुळली नाही. तो म्हणाला, वेगळ्या रक्ताची यादी बाईंच्या कपाटात असते. कपाट बाईंबरोबर गेलेलं, आणि बाईंचा त्याच्याकडचा नंबरही तोच, वाजत राहणारा.

ताई म्हणत होती, "बाईंना बोलवा, बाईंना माहीत आहे." कोण बाई, कुठल्या बाई, हे तिला सांगता येईना. उलटोबाचा फोन घरीच, ताटाशेजारी. ताईच्या फोनमध्ये तीन नंबर: बाबड्या, गॅसवाला आणि मी.

तिनं मला नऊ वेळा फोन केला.

मी झोपले होते. रविवारची दुपार, पोटभर जेवण, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. साडेचारला उठून चहा टाकायला गेले तेव्हा बघितलं. रक्तबाईला फोन लावला, तिनं दुसऱ्या घंटेला उचलला. अर्ध्या तासात ती तिथे पोचली, वाटेत दोघांनाही फोन झालेले. पोहायला शिकवणारी तलावावरून तशीच ओल्या केसांनी आली. ड्रायव्हर चार तासांच्या अंतरावर होता. प्रवाशांनी भरलेली बस दुसऱ्याच्या ताब्यात देऊन उलट्या दिशेच्या बसमध्ये बसला. पण रक्त काढलं की लगेच लावता येत नाही, तपासावं लागतं. पहिली पिशवी लागेपर्यंत दिवस मावळला होता. आणि सहाच्या सुमाराला, रक्ताविना धडधडून धडधडून, उलटोबाच्या हृदयाला झटका येऊन गेला होता.

तो जगला. तुम्हाला वाटेल, मग झालं की. मलाही वाटलं होतं.

पंधरा दिवसांनी रक्तबाईनं आम्हाला समोर बसवलं, उलटोबा, ताई आणि मी. दाराला कडी लावली, फोन बंद करून टेबलावर ठेवला.

"भूल देणारे डॉक्टर नाही म्हणतात," ती म्हणाली. "मी आणखी दोन ठिकाणी विचारलं. तेही नाही म्हणाले. हृदय इतकं दुबळं झालंय की भूल सोसणार नाही. गाठ काढता येणार नाही."

"नंतर?" ताई म्हणाली. "दोन-चार महिन्यांनी, ताकद आल्यावर?"

"ताकद यायला गाठ थांबली पाहिजे. ती थांबणार नाही."

"मग रक्त देत राहा."

"दोघांनी दिलं. त्यांचं आता तीन महिने घेता येत नाही, चारसुद्धा लागतील. तिसरं कुणी नाही. बाहेरच्या मोठ्या साठ्यांत विचारलंय. एक पिशवी मिळेल म्हणतात, नक्की नाही."

ताईनं उलटोबाकडे बघितलं. तो टेबलावरचा बाईचा शिक्का बघत होता, कुठल्यातरी मशीनवर केलेला.

"आणि एक बोलायचंय," बाई म्हणाली. "नंबर माझा होता. मीच माझा नंबर घालायला सांगितला. मला वाटलं, मी आहे ना. मी हॉस्पिटलचा घालायला हवा होता, आणि यादी चार कपाटांत ठेवायला हवी होती. शिवाय त्या दिवशी फाइली मोजायला हव्या होत्या. एकवीस होत्या, मी मोजल्या नाहीत."

"मी आणली होती घरी," उलटोबा म्हणाला.

"परवानगीवर सही माझी होती."

मी झोपले होते, हे मीही बोलून टाकलं. असं एकेकानं आपापलं पुढे ठेवलं, पण त्यानं काय होणार. गाठ जिथल्या तिथे.

आता तो टपरीत दोन तास येतो. ताई हात धरून आणते आणि माझ्या स्टुलावर बसते. दोन तास माझ्या टायपिंगमध्ये चुका काढते. नवी गिऱ्हाइकं तशीही येत नाहीत, मशीनवर पाच मिनिटांत शिक्का मिळतो. त्याच्याकडे काम एकच होतं. बाईनं सांगितलेला नवा शिक्का: "वेगळं रक्त. चढवण्याआधी हॉस्पिटलच्या मुख्य नंबरवर फोन करा. यादी प्रत्येक रक्तपेढीत आहे." कुणाचं नाव नाही, कुणाचा खासगी फोन नाही. मुख्य नंबर म्हणे चाळीस वर्षांत बदललेला नाही. पूर्वी हे काम दोन तासांचं. आता दोन ओळी कोरायचा आणि कोरणी खाली ठेवायचा. नऊ दिवस लागले. तीन रबरं वाया गेली. तिसरं गेलं तेव्हा मी म्हटलं, "मशीनवर करून आणू का, कुणाला कळणार आहे?"

"मला," तो म्हणाला.

आरशात मी वाचलं. प्रत्येक अक्षर जागेवर. मी म्हटलं, "बरोबर आहे," आणि पहिल्यांदाच त्या आरशात केस सारखे केले नाहीत.

गेल्या मंगळवारी रक्तबाई स्वतः दोन पिशव्या भरून फाइली घेऊन गल्लीत आली. आधी तिनं त्या माझ्या टेबलावर ठेवून मोजल्या, मोठ्यानं. बावीस. पुन्हा मोजल्या. मग उलटोबा बसला. बाई पानं उलटत होती, मी जुन्या ठशांवर रेघ मारत होते, तो शिक्का मारत होता. एक फाइल झाली की श्वास घ्यायला थांबायचा. ताईची फाइल आली तेव्हा तिच्या प्रत्येक कागदावर त्यानं इतक्या सावकाश शिक्का मारला की मागे उभं असलेलं गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं.

"एवढं काय दाबतोस, कागद फाटेल," ताई म्हणाली.

"तुला लागेल हे," तो म्हणाला.

ताईनं कागद नीट धरला. कारण तेही खरंच होतं. यादीत तिच्या रक्ताचं जवळचं माणूस एकच होतं, आणि ते समोर बसून शिक्के मारत होतं.

शेवटी राहिली बाविसावी. कापडी पट्टीची, शिवलेली, सगळ्यांत देखणी. त्यानं ती उघडलीच नाही. पॅडला झाकण लावलं.

"ही?" बाई म्हणाली.

"राहू दे. शाई वाया."

बाईजवळ सांगायला खोटं काही नव्हतं आणि खरं सांगून झालं होतं. मी काहीतरी चेष्टेचं शोधत होते. आयुष्यभर सापडत आलं, त्या दिवशी सापडेना.

ताई उठली. तिनं पॅडचं झाकण काढलं, शिक्का उचलला आणि उलटोबाच्या फाइलच्या कव्हरवर मारला. आयुष्यात तिनं कधी शिक्का धरला नव्हता. उलटा धरला होता, अक्षरं डोक्यावर उभी राहिली. मग पहिल्या पानावर मारला, तो कलला. दुसऱ्यावर अर्धाच उमटला. तिसऱ्यावर शाई फासली गेली. पान उलटायचं, मारायचं, पान उलटायचं, मारायचं. तिचे डोळे कोरडे होते आणि ओठ घट्ट मिटलेले, लहानपणी याला जबरदस्तीनं औषध पाजताना असतील तसे. तीस-पस्तीस पानं, एकही ठसा सरळ नाही.

मी उलटोबाकडे बघितलं. मला वाटलं, आता मान फिरवेल, कागद हिसकावेल, निदान पोट धरेल.

तो प्रत्येक पान बघत होता. शेवटचं झाल्यावर ताईच्या बोटांना लागलेली लाल शाई त्यानं टेबलावरच्या फडक्यानं पुसली, एक एक बोट धरून. मग फाइल बाईकडे दिली.

"सुकू दे आधी," तो म्हणाला. "नाहीतर पलीकडच्या पानावर उमटेल."

बाई फाइल उघडी धरून उन्हात उभी राहिली.